दातांनी ऐकणं

गिरणाऱ्याहून टोमॅटो घेऊन येणारी
केदू थेटेंची पिकअप
आज मखमलाबाद नाक्यावर
गुणगुणत आली.
"चाळीसपर्यंत गप्प असते," केदूभाऊ म्हणाले,
"पन्नासला भुंगा लागतो.
साठला सासूबाई काय बोलतात ते कळत नाही.
तसं ते बरंच आहे, पण..."

दगू मिस्त्रींना, म्हणजे माझ्या नानांना,
यातलं काही ऐकू गेलं नाही.
चौतीस वर्षं घण आणि हॉर्न,
कान कधीच झिजून गेलेत.
म्हणून चक्कर मारायला हल्ली मी जाते.

मळ्यांमधल्या सरळ पट्ट्यावर
डावीकडे वळवली, आवाज चढला.
उजवीकडे वळवली, उतरला.
डावीकडे वळताना गाडीचं अंग उजवीकडे कलतं
आणि ज्याच्यावर भार येतो तोच कण्हतो.
म्हणजे उजवं.
पण पुढचं की मागचं?
लोखंडाच्या पोटात काही राहत नाही,
एका टोकाची कुजबुज सगळ्या सांगाड्यात.

मी परत येऊन बोटानं मागचं दाखवलं.
नानांनी जॅक पुढे लावला.

मला चाक फिरवायला सांगितलं,
स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं हबच्या मागे, स्टबच्या बुडाशी,
आणि मूठ धरली दातांत.
डोळे मिटून घेतले.
शालिमारच्या डॉक्टरांनी काढलेला तो कानांचा आलेख,
उताराला लागलेल्या रस्त्यासारखा,
त्यात दातांचा रकाना नव्हता.
चाक फिरत राहिलं.
नानांच्या गालाचं हाड
अगदी बारीक थरथरत होतं.

मग मूठ काढली, लाळ बाहीला पुसली.
"हेच. वाळू चावतंय."

टोपी काढली, कॉटर पिन उपटली,
नट, वायसर, मग बेअरिंग माझ्या ओंजळीत.
ग्रीस ताकासारखं पांढरं:
केदूभाऊ गाडी ओढ्यात उतरवून धुतात,
फाटक्या सीलमधून पाणी शिरलं होतं.
डिझेलमध्ये खळबळून बघितलं,
कपाच्या आतल्या गुळगुळीत अंगावर
देवीचे व्रण.

"आस जागेवर, चाक फिरतं," नाना ओरडले
(हल्ली ते सगळं ओरडूनच सांगतात),
"दोघं एकमेकांना घासले तर
आडगावपर्यंत पेटतील.
म्हणून मध्ये हे तिरपे रोलर.
घासत नाहीत, लोळतात.
पिंजरा कशाला? एकमेकांना भिडू नयेत म्हणून."
रोलर टेकतो केसाएवढ्या रेघेवर.
ऐंशी क्रेट टोमॅटो, केदूभाऊ, सासूबाई
गिरणाऱ्यापासून त्या रेघेवर बसून आले.

नवा कप ठोकून बसवला,
तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन
कोनाची कड त्यात दाबत राहिले,
दुसऱ्या बाजूनं ते शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत.
नट मात्र माझ्याकडे दिला.
"चाक फिरवत आवळ. अजून. आता सोड.
आता नुसत्या बोटांनी."
गच्च केला तर जळतं,
ढिला राहिला तर डुलतं.
"बास" कुठे म्हणायचं
ते त्यांनी सांगितलं नाही,
माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून थांबले,
आणि एका जागी उचलली.

केदूभाऊंनी जुनं बेअरिंग उलटंपालटं केलं.
"एवढ्याशा कड्याचे एवढे पैसे?"
मग फेरी मारून आले, काच खाली केली,
काही बोलले नाहीत. पैसे मोजले.

पिकअप बाजार समितीकडे निघाली.
नाना रस्त्याच्या कडेला उभे,
हात पुसायचं फडकं खांद्यावर.
ती पन्नासला पोचली असेल तेव्हा
माझ्याकडे वळून भुवई उंचावली:
वाजतंय?

मी मान हलवली. नाही.
ते हसले, आणि
दोघांनीही काही न ऐकता
ती वळणाआड जाईपर्यंत बघितली.